कारंजं राहू द्या, आधी गाळ काढा : आमच्या एचओएला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व संचालक मंडळ,
आमच्या वसाहतीची होमओनर्स असोसिएशन (एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना),
एलिकॉट सिटी, मेरीलँड.

आणि वसाहतीतल्या सगळ्या मराठी घरांना,

सप्टेंबरच्या बैठकीत मंडळानं पाच विरुद्ध दोन मतांनी एक ठराव केला. वसाहतीच्या मागच्या उतारावर जे तळं आहे त्याचं सुशोभीकरण करायचं. मधोमध कारंजं, रात्री पाण्याखालून दिवे, काठावर चार बाकं. कारंज्याला पाणी लागतं, म्हणून तळ्यात बारमाही पाणी राहील अशी सोय करायची. आणि खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून गाळ काढायचं काम आणखी दोन वर्षं पुढे ढकलायचं. घरमालक म्हणून मी त्या बैठकीला हजर होते. बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यातलं अर्धं मिनिट माझा माइक चालू आहे की बंद, हे बघण्यात गेलं.

नंतर मी इंग्रजीत सविस्तर ईमेल पाठवली. ‘नोंद घेतली आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. कारण आपल्या वसाहतीत निदान पंचवीस घरं मराठी आहेत, मंडळावरच्या सातांतले दोघं मराठी आहेत, आणि ठरावाच्या बाजूनं वर झालेल्या पाच हातांत ते दोन्ही हात होते. दोघंही दिवाळीला माझ्याकडे फराळाला येतात, यंदाही यावं. हे पत्र भांडण म्हणून लिहिलेलं नाही. पण या ठरावावर गप्प बसणं मला जमणार नाही.

मंडळातल्या नव्या सभासदांना माझी ओळख नसेल. मी या वसाहतीत चौदा वर्षं राहते. त्याआधी दोन भाड्याची घरं झाली, ती बाल्टिमोरच्या बाजूला. मूळची मी चिपळूणची, बाजारपेठेतली. नदीकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला पाऊस म्हटलं की आधी मोरी आठवते, मग कविता. इथे टेकडीवर घर घेतलं तेव्हा मी नवऱ्याला पहिली गोष्ट हीच म्हटली होती, की चला, एकदाचे आपण उंचावर आलो.

आपण पत्त्यात एलिकॉट सिटी लिहितो. २०२० च्या जनगणनेत या नावाच्या परिसरात पंचाहत्तर हजारांवर लोक मोजले गेले. पण मूळ गाव म्हणजे खाली पटॅप्स्को नदीच्या काठी, दगडी घळीत बसलेली एक उतरती पेठ. बाल्टिमोरपासून दहा-बारा मैलांवर. १७७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातून आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावांनी तिथे पिठाच्या गिरण्या घातल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांना तंबाखू सोडून गहू पेरायला लावलं. एलिकॉट हे त्यांचं आडनाव. १८३० मध्ये बाल्टिमोरहून तेरा मैलांची रेल्वे तिथे येऊन पोचली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या तेवीस वर्षं आधी. ते दगडी स्टेशन अजून उभं आहे, या देशातलं टिकून राहिलेलं सगळ्यांत जुनं. भारतातून आईवडील आले की दुसऱ्या शनिवारी आपण त्यांना तिथेच नेतो. स्टेशनसमोर फोटो, चढावरच्या एखाद्या दुकानात आइस्क्रीम, आणि ‘अगदी महाबळेश्वरच्या बाजारासारखं वाटतंय’ हे वाक्य. माझ्या सासूबाईंनीही म्हटलं होतं.

या पेठेत पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट खालून. पटॅप्स्को फुगली की नदी पेठेच्या तोंडात शिरते. १८६८ च्या जुलैत ती अशी आली की चाळीसच्या आसपास माणसं गेली. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळात पुन्हा आली. दुसरी वाट वरून. टायबर, हडसन आणि न्यू कट असे तीन ओढे टेकड्यांवरून उतरून पेठेत एकमेकांना भेटतात. नावं बघा केवढी, एक रोमची, एक न्यूयॉर्कची. कोकणात आम्ही यांना पऱ्या म्हटलं असतं. उन्हाळ्यात चप्पल न भिजवता ओलांडता येतील एवढे हे ओढे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी जागा अपुरी म्हणून लोकांनी त्यांच्या अंगावरच इमारती बांधल्या. आजही काही दुकानांच्या जमिनीखालून पाणी वाहतं.

२०१६ आणि २०१८ चे पूर या दुसऱ्या वाटेनं आले. ही गोष्ट आपल्या वसाहतीत कुणी फारशी बोलत नाही. ते पाणी नदीचं नव्हतं. ते टेकडीवरून गेलं होतं. टेकडीवर आपण राहतो.

३० जुलै २०१६ ची संध्याकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. शनिवार होता. पाऊस सुरू झाला तो थेट आपल्याकडचा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला. मी खूश झाले. कांदा चिरला, बेसन भिजवलं. डेकचं दार उघडं ठेवून मी भजी तळत होते आणि नवरा ड्राइव्हवेवरून धावणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ काढत होता, पुण्याला भावाला पाठवायला. पाणी छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून ड्राइव्हवेवर, तिथून रस्त्याच्या कडेच्या जाळीत गडप. दोन तासांत सहा इंचांच्या आसपास पाऊस पडला, पण आमच्या दारात थेंबभर पाणी साचलं नाही. ‘बघ, इथलं ड्रेनेज!’ असं मी म्हटलं. म्हटल्याचं नक्की आठवतं, कारण व्हिडिओत माझा आवाज होता.

त्याच वेळी खाली पेठेत मेन स्ट्रीटवरून मोटारी वाहत जात होत्या. लोक हाताला हात धरून साखळी करत होते, मोटारीत अडकलेल्यांना ओढून काढत होते. दोन माणसं गेली. फुटपाथ उखडून त्याखालची माती निघून गेली, दुकानांच्या पुढे खंदक पडले. हवामान खात्यानं सांगितलं, असा पाऊस हजार वर्षांत एकदा पडण्याची शक्यता. लोकांनी कर्ज काढून, देणग्या गोळा करून दुकानं पुन्हा उभी केली. ती हजार वर्षं बावीस महिन्यांत संपली. २७ मे २०१८, मेमोरियल डेच्या सुट्टीतला रविवार. या वेळी पाऊस आठ इंचांच्या घरात, आणि पाणी आधीपेक्षा जास्त. एका बाईंना मदत करायला गेलेला नॅशनल गार्डचा एक जवान वाहून गेला. त्या बाई आपल्या मांजरीला शोधत होत्या.

तो व्हिडिओ आम्ही पुसून टाकला. पाणी काही पुसता आलं नाही.

आता कुणी म्हणेल, आणि सप्टेंबरच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणालेच, की हे गाव घळीत आहे, तिथे पूर येणारच. १८६८ मध्ये आपली घरं होती का? नव्हती. हे मला मान्य आहे. घळ अरुंद आहे, खाली कातळ आहे, उतार तीव्र आहे, आणि इतका पाऊस पडला तर सगळ्या टेकडीवर नुसतं जंगल असतं तरी खाली पाणी भरलं असतं. कदाचित कमी भरलं असतं, कदाचित अर्धा तास उशिरा भरलं असतं. पण अर्धा तास म्हणजे किती, हे ज्यांनी पुरात दुकानाच्या माळ्यावर बसून काढला आहे त्यांना विचारा. माझ्या भावाला विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी चढलं तेव्हा त्याच्या हातात तेवढाच वेळ होता. त्यात त्यानं आईला वर नेलं. दुकानातला माल राहिला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्यानं मला भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. ती त्याच्या डोक्याच्या वर होती. पुढे चिपळूणकर वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषणाला बसले. आम्ही इथून त्यांचे फोटो लाइक केले. माझ्या मागच्या अंगणात आमचा स्वतःचा गाळ साचतो आहे, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. दोन वर्षांनी एका वसंतात तळ्याकडे फिरायला गेले तेव्हा आलं.

म्हणून आधी तळ्याबद्दल, कारण माझी खात्री आहे की ठरावाला हात वर करणाऱ्या पाचांपैकी निदान तिघांना हे तळं कशासाठी आहे ते माहीत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, घर विकताना एजंट त्याला ‘वॉटर फीचर’ म्हणतो.

हे तळं शोभेचं नाही आणि पाणी साठवण्यासाठीही नाही. ते पावसाचं पाणी थोडा वेळ अडवून धरण्यासाठी आहे. आपल्या वसाहतीतलं एक साधं छप्पर धरा, दोन हजार चौरस फुटांचं. त्यावर सहा इंच पाऊस पडला की अठ्ठावीस हजार लिटर पाणी होतं. मे महिन्यात आपल्या गावाकडे दहा हजार लिटरचे टँकर येतात ना, तसे जवळजवळ तीन टँकर. एका घराचे. ड्राइव्हवे, रस्ते, क्लबहाउसचं पार्किंग वेगळं. आणि लॉनलाही फार पुण्यवान समजू नका. बांधकामाच्या वेळी वरची माती खरवडून नेलेली असते, खालची रोलरनं दाबलेली असते, तिच्यावर हिरवळीचा गालिचा पसरलेला असतो. जोराच्या पावसात तो गालिचा पाणी पितो कमी आणि पुढे ढकलतो जास्त. आपल्या ऐंशीच्या वर घरांचं हे सगळं पाणी पाइपांतून तळ्यात येतं. तळ्याच्या खालच्या टोकाला काँक्रीटचा जो चौकोनी खांब दिसतो, त्याच्या बुडाशी एक लहान भोक आहे. त्यातून पाणी हळूहळू ओढ्यात सुटतं. खाली पेठेला सोसवेल अशा बेतानं. पाऊस थांबला की दीड-दोन दिवसांत तळं पुन्हा रिकामं व्हावं, ही त्याची रचना. पुढचा पाऊस येईल तेव्हा ते रिकामं सापडलं तर उपयोग. पिंप आधीच भरलेलं असेल तर त्यात नळ सोडून काय होणार, वरून वाहून जाणार.

आणि मंडळानं ठराव केला आहे, तळं भरलेलं ठेवायचा.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार हीच. कारंजं तरंगायला जेवढं पाणी कायम लागेल, तेवढी जागा पावसाच्या पाण्यासाठी कायमची गेली. बैठकीत सांगितलं गेलं की कंत्राटदाराच्या मते ‘फरक किरकोळ’ आहे. कंत्राटदार कारंजी विकतो. जलविज्ञान शिकलेल्या एकाही इंजिनिअरचं मत मंडळानं घेतलेलं नाही, निदान बैठकीच्या इतिवृत्तात तरी तसं नाही. काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडे, परवानगीचा अर्ज करायचं ठरलं आहे असं ऐकते. माझी विनंती आहे की तो अर्ज करूच नये.

दुसरी तक्रार गाळाची. तळं वसाहतीबरोबर बांधलं गेलं, तीस वर्षं होऊन गेली. मी इथे आल्यापासून गाळ काढल्याचं पाहिलेलं नाही. पाच वर्षांत तीनदा तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला आणि तिन्ही वेळा ‘पुढील वर्षी’ झाला. आता त्यात लव्हाळी माजली आहेत, खांबाच्या बुडाशी पानं, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि एक फुटबॉल मी स्वतः पाहिला आहे. भोक बुजलं की तळं रिकामं होत नाही. मागच्या जूनमध्ये पाऊस थांबून नऊ दिवस झाले तरी पाणी होतं. कदाचित त्या नऊ दिवसांच्या पाण्यात आभाळ सुंदर दिसलं आणि कारंज्याची कल्पना तिथूनच सुचली.

तिसरी तक्रार रोकड्या हिशोबाची आहे, ती थोडक्यात. प्रवेशद्वाराची दगडी कमान, नवी पाटी, क्लबहाउसमागचं वाढीव डांबरी पार्किंग या तिन्हींसाठी राखीव निधीतून पैसे निघाले. पार्किंगसाठी ओकची मोठी झाडं गेली. वर्षातून दोन दिवस, एकदा पिकनिकला आणि एकदा आपल्याच गणपतीला, ते पार्किंग भरतं. त्या दोन दिवसांतल्या एका दिवसाची जबाबदार मीही आहे, हे कबूल करते.

गणपतीचं निघालंच आहे तर सांगते. आपण सगळे मूर्ती शाडूची आणतो, विसर्जन बादलीत करतो, ते पाणी झाडांना घालतो आणि मुलांना पर्यावरण समजावतो. चांगलंच आहे. पण बादलीच्या पलीकडेही पाणी असतं. जुलै २०१८ मध्ये काउंटी कौन्सिलनं या पाणलोटातल्या नव्या बांधकामांवर वर्षभर स्थगिती आणली, तेव्हा आपल्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. मागच्या रानात नवी घरं येणार नाहीत, आपल्या घराचा भाव टिकेल, हे त्यातलं मुख्य कारण होतं. पेठेबद्दल कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. मीही लिहिलं नव्हतं.

चौथी तक्रार माझ्या शेजाऱ्यांच्या वतीनं. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव लिहीत नाही. त्यांनी समोरच्या लॉनचा उताराकडचा तुकडा खणून तिथे रेन गार्डन केलं. छपराचं पाणी पन्हळीतून थेट त्या खोलगट वाफ्यात येतं आणि तिथेच मुरतं. मिल्कवीड, जो-पाय, काळ्या डोळ्याची सुझन अशी इथलीच झाडं लावली आहेत. जुलैत फुलपाखरं इतकी येतात की माझी नात त्याला ‘बटरफ्लाय मावशीचं घर’ म्हणते. त्यांना आपल्या असोसिएशनकडून दोन नोटिसा आल्या. वसाहतीच्या एकसारख्या स्वरूपाला बाधा येते, तीस दिवसांत लॉन पूर्ववत करा, नाहीतर दंड.

मंडळाच्या वकिलांना ठाऊक असेलच, पण घरमालकांना ठाऊक नाही म्हणून लिहिते. १ ऑक्टोबर २०२१ पासून मेरीलँडमध्ये कायदा आहे की एचओएला घरमालकावर हिरवळीच्या लॉनची सक्ती करता येत नाही, आणि रेन गार्डन किंवा स्थानिक झाडांच्या बागांवर अवाजवी बंधनं घालता येत नाहीत. आणि हा कायदा आला कुठून? आपल्याच काउंटीतून, शेजारच्या कोलंबियातून. तिथल्या एका जोडप्याला असोसिएशननं अशाच नोटिसा पाठवल्या, ते कोर्टात गेले, तडजोड झाली, आणि त्यातून पुढे राज्यभरासाठी कायदा झाला. ज्या गोष्टीसाठी शेजारच्या गावात एवढं रामायण झालं, तीच नोटीस आपण चार मैलांवर पुन्हा छापून पाठवतो याला काय म्हणावं?

आता खर्चाचा मुद्दा, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. ‘आपण मालमत्ता कराच्या बिलात रेन टॅक्स भरतोच की, मग काउंटीनं बघावं.’ त्या शुल्काचं खरं नाव पाणलोट संरक्षण शुल्क आहे. ते मीही भरते आणि कुरकुरतच भरते. पण ते भरल्यानं आपल्या मालकीच्या जागेतल्या तळ्यातला कचरा उचलायची आपली जबाबदारी संपत नाही. ‘काउंटी बोगदा करते आहे, मग आपण कशाला?’ हेही ऐकलं. बरोबर आहे, जवळजवळ मैलभर लांब, कातळातून जाणारा बोगदा योजनेत आहे. पेठेच्या वरच्या अंगाला पाणी पकडून ते थेट पटॅप्स्कोत सोडायचं. त्यासाठी २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेनं साडेसात कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. क्वेकर मिलसारखी मोठी अडवणुकीची तळी काउंटीनं बांधली. खाली नदीजवळच्या इमारतींचं काय करायचं यावर या गावानं केवढा वाद घातला ते आठवतं ना? आधी एकोणीस इमारती पाडायची योजना होती. २०१८ च्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि २०१९ मध्ये पेठेच्या खालच्या टोकाच्या चार इमारतींवर येऊन ती थांबली. त्या चार इमारतींत कुणाची तरी दुकानं होती, दोनदा पुरातून सावरलेली. पाणी वाहायला जागा व्हावी म्हणून त्यांनी आपल्या भिंती द्यायच्या. आपल्याकडे कुणी भिंत मागत नाहीये. एक खड्डा रिकामा ठेवायला सांगताहेत, जो तीस वर्षांपूर्वी त्यासाठीच खणला होता.

अजून एक. एलिकॉट सिटीला नगरपालिका नाही, महापौर नाही. १८६७ मध्ये गावाला शहराची सनद मिळाली होती, १९३५ मध्ये ती गेली. तेव्हापासून सगळा कारभार काउंटीचा. त्यामुळे आपल्या एवढ्या टेकडीपुरतं गावकीचं जे काही आहे ते म्हणजे तुम्ही सातजण. मंडळाला ही जागा नकोशी वाटत असेल तर मी समजू शकते, विनामोबदला काम आहे, शिव्याच जास्त मिळतात. पण निवडून आलात म्हणजे या ओढ्याच्या माथ्यावर बसला आहात, एवढं लक्षात असू द्या.

माझ्या मागण्या अशा.

कारंज्याचा आणि तळ्यात कायम पाणी ठेवण्याचा ठराव स्थगित करावा, आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलावून तो घरमालकांपुढे मतदानाला ठेवावा. तोवर काउंटीकडे कोणताही अर्ज जाऊ नये.

तळ्याच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल सगळ्या घरमालकांना ईमेलनं पाठवावा. तपासणी झालीच नसेल तर तसं लिहून कळवावं.

परवानाधारक इंजिनिअरकडून गाळाची खोली मोजून घ्यावी आणि पुढच्या उन्हाळ्याच्या वादळी पावसाआधी गाळ काढावा. खांबाच्या बुडाचं भोक मात्र याच महिन्यात साफ करावं, त्याला निविदेची गरज नाही, फावडं पुरतं. राखीव निधी कमी पडत असेल तर विशेष वर्गणी लावा. माझ्या घराचा चेक पहिला असेल.

रेन गार्डनच्या दोन्ही नोटिसा लेखी मागे घ्याव्यात. ज्यांना पन्हळीखाली पिंप ठेवायचं असेल, वाफा खणायचा असेल त्यांच्यासाठी एक पानाचे साधे नियम करावेत, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला भीतभीत खणावं लागणार नाही.

आणि क्लबहाउसमागच्या डांबराच्या कडेनं, जिथे ओक होते, तिथे पुन्हा झाडं लावावीत.

एवढंच. यातली एकही मागणी अशी नाही की जी पूर्ण केल्यानं कुणाच्या घराचा भाव पडेल.

आता मराठी घरांसाठी दोन ओळी. तुमच्यातले बरेचजण सभेला येत नाहीत हे मला माहीत आहे. शाळेच्या क्लासेस, क्रिकेट, भारतातले फोन, सगळं मान्य. पण गेल्या वार्षिक सभेत क्वोरमसाठी सहा घरं कमी पडली आणि सभा न होताच निर्णय मंडळाकडे गेले. त्या सहाच्या चौपट घरं आपली आहेत. प्रॉक्सीचा, म्हणजे आपलं मत दुसऱ्याकडे सोपवायचा, फॉर्म एका पानाचा आहे, सही आणि घर नंबर एवढंच लागतं. मला प्रॉक्सी द्यायची नसेल तर ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांना द्या, पण द्या.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी तळ्यावर असेन. मंडळाच्या सातही सभासदांना बोलावणं आहे, त्या दोघांना विशेष. फॉर्म आणि पेन माझ्याकडे असतील, थर्मासमध्ये चहा असेल. गाळ किती आहे ते बघायला माझ्याकडे इंच आखलेली सहा फुटी काठी आहे. जूनमध्ये मी ती काठावरून घातली तर हातभरच बाहेर राहिली होती. मधोमध किती आहे ते मला एकटीला बघता आलं नाही. गमबूट घालून या.

आपली शेजारीण
(नाव आणि घर नंबर मंडळाच्या दप्तरी आहे, दोन वर्षांच्या ईमेलींसकट)